पावतीपुस्तकाआधी वजनकाटा

प्रश्न : जालन्यात आमचं छोटं उपाहारगृह आहे आणि त्याला लागूनच धाकट्या भावाचं किराणा दुकान. ओला-सुका वेगळा करा, प्लास्टिकच्या पिशव्या ठेवू नका, नाहीतर दंड, हे आता आम्हाला पाठ झालंय. पण मुळात कचरा कमी कसा करायचा, हे धंद्याच्या जागी येऊन सांगणारं कुणी असतं का? परदेशात म्हणे व्यावसायिकांना असा सल्ला मोफत मिळतो. आपल्याकडे तशी काही सोय आहे, की ज्याचं त्यानं बघायचं?
— एक उपाहारगृहचालक, जालना

उत्तर : परदेशाबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. ब्रिटनमध्ये १९९४ साली सरकारी पैशावर असा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो एन्व्हायरोवाइज या नावानं ओळखला जाऊ लागला. फोन केला की सल्ला मिळे, धंद्यागणिक पुस्तिका मिळत, आणि लहान उद्योगाकडे जाणकार माणूस येऊन पाहणी करून जाई. २०१० मध्ये तो रॅप या संस्थेत विलीन झाला.

मात्र आपल्या देशात याची सुरुवात त्याहून आधीची आहे. १९९३ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषदेनं संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेबरोबर ‘डिझायर’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. कागद, कापडाची रंगाई-छपाई आणि कीटकनाशकं या तीन धंद्यांतले लहान कारखाने निवडले. त्यांच्यासाठी सहा पायऱ्यांची एक पद्धत बसवली, आणि सल्लागारांनी कारखान्यातल्या माणसांबरोबर बसून प्रत्येक टप्प्यावर काय आत जातं, काय बाहेर पडतं आणि काय वाया जातं याचा हिशेब मांडला. त्यातून निघालेले बरेचसे उपाय फार खर्चाचे नव्हते. गळती बंद करणं, माप नीट घेणं, कामाचा क्रम बदलणं, वाहून जाणारं पुन्हा वापरणं, अशा प्रकारचे होते. त्यानंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पाठबळावर परिषदेनं देशभरात कचरा कमी करण्यासाठी लहान उद्योजकांची मंडळं बांधली. एकाच धंद्यातले पाच-सात कारखानदार ठरावीक दिवशी आळीपाळीनं एकमेकांच्या कारखान्यात जमत, एक मार्गदर्शक बरोबर असे, आणि ज्याच्याकडे बैठक असेल त्याच्या कारखान्याची पाहणी करून सूचना करत.

ही मंडळांची कल्पना मला फार मोलाची वाटते. भजी तळणाऱ्याला तेलाबद्दल दुसऱ्या भजी तळणाऱ्यानं सांगितलेलं जसं पटतं, तसं कुणा तज्ज्ञानं सांगितलेलं पटत नाही. शिवाय आपल्याच बरोबरीच्या माणसाकडे कमी नासाडी होते हे डोळ्यांनी पाहिलं, की ‘आमच्या धंद्यात एवढं वाया जाणारच’ हे वाक्य मागे पडतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. कारखान्यांसाठी सल्ल्याच्या सरकारी योजना आज आहेत, त्यांच्याबद्दल पुढच्या एका उत्तरात लिहिलं आहे. उपाहारगृह आणि किराणा दुकान मात्र त्यांत बसत नाही. तुमच्यासारख्यांना हा सल्ला नगरप्रशासनानंच द्यायला हवा, आणि मी तो हक्कानं मागावा असं म्हणेन. जालना नगरपालिकेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. नवी घडी बसत असताना अशी एखादी खिडकी मागून घेणं सोपं असतं. मागताना एक अट जरूर घाला : सल्ला देणाऱ्या माणसाच्या हातात दंडाचं पावतीपुस्तक नको. दंड करणारा दारात आला की दुकानदार सगळ्यात आधी गोदामाचं दार ओढून घेतो. सल्लागाराला मात्र तेच दार उघडं मिळायला हवं, नाहीतर त्याला खरा कचरा दिसणारच नाही. दंडाची गरज आहेच. पण ती दोन कामं एका माणसाकडे दिली की दंडाचं तेवढं होतं, सल्ल्याचं राहून जातं.

खिडकी उघडेपर्यंत थांबायचं कारण नाही. चांगला सल्लागार आला तर पहिल्या दिवशी जे करील ते तुम्ही स्वतः करू शकता. तो आधी वजनकाटा मागेल.

स्वयंपाकघरात एक आठवडा तीन बादल्या ठेवा. एकीत भाजी निवडताना-चिरताना निघालेली सालं, देठं, कोथिंबिरीच्या काड्या. दुसरीत शिजवलेलं पण विकलं न गेलेलं, आणि फ्रीजमध्ये राहून खराब झालेलं. तिसरीत गिऱ्हाइकाच्या ताटातलं उष्टं. रात्री गल्ला मोजता त्याच वेळी तिन्ही बादल्या काट्यावर ठेवा आणि आकडे वहीत लिहा. तिन्ही मिळून ‘ओला कचरा’ असला तरी प्रत्येकीचं दुखणं निराळं आहे. पहिली बादली जड असेल तर भाजीची खरेदी आणि निवडण्याची पद्धत बघायची. दुसरी जड असेल तर अंदाज चुकतोय : सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी सारखीच भाजी टाकली जाते का, दुपारच्या उरल्या वरणाचं काय होतं, हे बघायचं. तिसरी जड असेल तर वाढणीचं माप बदलायचं. थाळीत न मागता पडणारी दुसरी पोळी किंवा भाताची मूद बहुतेक वेळा याच बादलीत सापडते. ती बंद करू नका, मागितल्यावर लगेच वाढा. गिऱ्हाईक नाराज होत नाही.

यात पैसे किती असतात, तेही मांडून बघा. समजा दुसऱ्या आणि तिसऱ्या बादलीत मिळून रोज १५ किलो शिजवलेलं अन्न जातं, आणि शिधा, गॅस, मजुरी धरून त्याचा खर्च किलोला ८० रुपये पडतो. रोजचे १,२०० रुपये झाले, महिन्याचे ३६,०००. यातलं निम्मं जरी वाचलं तरी एका कामगाराचा पगार निघतो. तुमचे आकडे वेगळे असतील, म्हणून तर वही हवी. घंटागाडीत कचरा टाकायला काही पडत नाही, असं वाटतं खरं, पण खर्च ती गाडी येण्याआधीच होऊन गेलेला असतो.

तळणीच्या तेलाचं वेगळं सांगायला हवं. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढत जातात. १ जुलै २०१८ पासून देशभर नियम आहे, की त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाद्यपदार्थांसाठी वापरायचं नाही. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांना नोंदवही ठेवावी लागते. तुम्ही त्या मर्यादेच्या खूप आत असाल, तरी वापरलेलं तेल मोरीत ओतू नका. मोरी तुंबते आणि पुढे ते नाल्यातून कुंडलिकेत जातं. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्येच वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची मोहीम सुरू केली. तुमच्या भागात अधिकृत संकलक कोण, हे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारता येईल. एकट्याचं तेल न्यायला गाडी येणार नाही. रस्त्यावरच्या आठ-दहा जणांनी एका ठिकाणी डबे भरून ठेवले तर येईल. त्या मंडळांचा उपयोग असा इथेही आहे.

ओल्या कचऱ्याचं जे उरेल त्याचं काय? २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्याला मोठा कचरा उत्पादक ठरवलं. त्याच नियमांत सगळ्याच हॉटेल-उपाहारगृहांवर वर्गीकरणाची जबाबदारी टाकली, आणि जमेल तितका ओला कचरा जागेवरच जिरवावा असं सांगितलं. मागे थोडी मोकळी जागा असेल तर खताचं पिंप चालेल. मात्र शिजवलेल्या अन्नात पाणी, मीठ आणि तेल असतं, त्यामुळे ते एकटं टाकलं की सडून वास मारतं. त्यात पालापाचोळा, भुसा, फाडलेला पुठ्ठा असं कोरडं भरपूर मिसळावं लागतं. हे हाताला शिकायचं काम आहे. शहराजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, खताचं तिथे विचारा. शेतकऱ्यांसाठी असलेली ही केंद्रं शहरातले व्यावसायिक सहसा आपली मानत नाहीत, पण कंपोस्टची अडचण दोघांची एकच असते.

भावाच्या दुकानासाठी सल्लागार शोधायला तर लांब जावंच लागत नाही. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला बसवून चहा पाजा आणि विचारा : आमच्या दुकानातल्या कशाला भाव येतो, कशाला कमी येतो, आणि काय फुकट दिलं तरी तू नेत नाहीस? पुठ्ठा कोरडा असला तर त्याला हवा असतो, भिजला की नको. बारदान धड असेल तर वेगळा भाव, फाटलं तर वेगळा. चकाकणारी अनेकपदरी पाकिटं तो नेणार नाही, कारण ती पुढे कुणी घेत नाही. त्यानं नाकारलेल्या वस्तूंची यादी करा. शक्य असेल तिथे त्या वस्तूंचा माल कमी ठेवा, निदान सुट्या विक्रीसाठी तसली पाकिटं स्वतः विकत घेऊ नका. पुण्यात कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासदांनी उभारलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचं काम घेतलं. कचरावेचकांचं ज्ञान हे नगरव्यवस्थेला उपयोगी पडणारं ज्ञान आहे, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं. आपल्या गावातल्या त्यांच्या भावंडांना आपण अजून ‘ए भंगारवाले’ म्हणूनच हाक मारतो, याचं मला वाईट वाटतं.

प्लास्टिकच्या पिशवीचं तुम्हाला पाठ आहे म्हणता, तरी आकडे देऊन ठेवतो : २३ मार्च २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेनुसार पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिने कैद. पिशवीला बंद आहे की नाही, यानं फरक पडत नाही. किराण्यात खरी नासाडी मात्र पिशवीची नसते, मुदत संपलेल्या मालाची असते. नवा माल मागे आणि जुना पुढे लावायची शिस्त, आणि मुदत महिन्यावर आली की तो माल वेगळ्या फळीवर, एवढं सांभाळलं तरी वर्षाअखेरी फरक कळेल.

प्रश्न : आमच्या इथे रसवंत्या आणि फळांचे गाळे पुष्कळ. मोसंबीच्या सालींचे ढीग पडतात. सगळ्यांनी मिळून बायोगॅस करावा असं काही जण म्हणतात, तर काही म्हणतात मोसंबीनं बायोगॅस बंद पडतो. खरं काय?
— एक वाचक, अंबड

उत्तर : दुसरे म्हणतात त्यात तथ्य आहे. मोसंबीच्या सालीत जे सुगंधी तेल असतं, त्याचा मुख्य घटक लिमोनीन. साल दाबली की डोळ्यात चुरचुरतं ते हेच. बायोगॅसच्या टाकीत हवेशिवाय जगणारे आणि मिथेन तयार करणारे जे सूक्ष्मजीव असतात, त्यांना लिमोनीन मानवत नाही. त्यात फळाचा चोथा लवकर आंबतो, टाकीतली आम्लता वाढते, आणि हळूहळू गॅस यायचा थांबतो. संत्री-लिंबांच्या साऱ्या कुळाचंच हे आहे.

म्हणून नुसत्या सालींवर बायोगॅस बांधू नका. शेण आणि भाजीबाजारातला पाला हे मुख्य खाद्य, आणि त्यात सालींचं प्रमाण थोडं, असं चालतं. प्रमाण हळूहळू वाढवत गॅसवर लक्ष ठेवायचं. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत कचरा बारीक करून आधी हवेशीर टाकीत गरम पाण्याच्या साहाय्यानं कुजवतात आणि मग बंद टाकीत सोडतात. स्वयंपाकघर आणि मंडईच्या कचऱ्यासाठी ती चांगली आहे. तरी मोसंबीचा सावधपणा तिथेही पाळावा.

बायोगॅसपेक्षा सालीचा दुसरा उपयोग शोधावा असं माझं मत आहे. तिच्यात पेक्टिन असतं, जे जॅम-जेली घट्ट करायला लागतं. तिच्यात ते तेल असतं, जे साबण आणि सफाईच्या द्रवांत वापरतात. ब्राझील आणि फ्लोरिडात रसाच्या कारखान्यांतला चोथा वाळवून, त्याच्या गोळ्या करून गुरांना घालतात, तो तिथे मोठा जोडधंदा आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण बोलणं होतं ते फळाचं आणि त्याच्या भावाचं. सालीचा विचार कुणी करत नाही. एका रसवंतीची साल यासाठी अर्थातच पुरणार नाही. मात्र २०१८ पासून जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर आहे. रसायन अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक दारात असताना गाळेधारकांनी एकत्र येऊन, ‘आमच्याकडे हंगामात रोज इतकी साल निघते, तिचं काय करता येईल?’ असा लेखी प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. ‘इतकी’ च्या जागी मोजलेला आकडा लागेल. तो त्यांना कुणीच देऊ शकणार नाही, तुम्हीच देऊ शकता.

बागायतदारांसाठी एक पुस्ती : बागेत गळून पडलेली फळं झाडाखाली सडू देऊ नका. ती फळमाशीला आमंत्रण असतं. उचलून खड्ड्यात पुरा.

प्रश्न : जालन्याच्या स्टील कारखान्यांबाहेर काळे ढीग दिसतात. हा उद्योगच मुळात भंगारावर चालतो, मग त्याचा स्वतःचा कचरा कसा काय निघतो? आणि तो कमी करायला त्यांना कोण मदत करतं?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जालना

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग मला फार आवडला, कारण जालन्याची खरी ओळख त्यात आहे. इथल्या भट्ट्या देशभरातलं आणि परदेशातलंही भंगार वितळवून त्याचे बिलेट ओततात आणि त्यातून घरबांधणीची सळई काढतात. २०१९ च्या राष्ट्रीय पोलाद भंगार पुनर्वापर धोरणात हिशेब दिला आहे : एक टन भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. म्हणजे इथली प्रत्येक भट्टी कुठल्या तरी खाणीवरचा भार हलका करते. दुसऱ्यांचा कचरा हाच ज्या गावाचा कच्चा माल, त्या गावाला कचऱ्याचं व्यवस्थापन शिकवायला कुणी बाहेरून यावं लागू नये, इतकं ते इथे रक्तात असायला हवं.

आता ढिगांकडे. त्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकत्र पडल्या की तिन्हींची किंमत जाते.

पहिली, स्लॅग. भंगाराबरोबर भट्टीत माती, गंज, रंग, सिमेंटचे खडे जातात. स्पंज आयर्न घातलं तर त्यातला न वितळणारा भागही येतो. हे सगळं वितळलेल्या लोखंडावर तरंगतं, ते काढून टाकतात. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळायला साधारण साडेपाचशे ते सातशे युनिट वीज लागते. माती वितळायलाही वीज लागतेच. म्हणजे कारखानदार पैसे मोजून माती आणतो, पैसे मोजून तिला तापवतो, आणि पैसे मोजून तिचा स्लॅग उचलून देतो. वर, गंज आणि चुना भट्टीच्या आतल्या सिलिकाच्या अस्तराला खातात, त्यामुळे अस्तर लवकर बदलावं लागतं आणि तो जुना चुराही ढिगात येतो.

जाणकार सल्लागार म्हणूनच स्लॅगच्या ढिगाकडे सगळ्यात शेवटी जातो. आधी तो फाटकातून आत येणाऱ्या ट्रकजवळ उभा राहतो. भंगार उतरवताना चाळलं जातं का, भिजतं का, जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेगळा काढतात का, बंद डबे-सिलिंडर फोडून बघतात का? जस्त भट्टीत उडून जातं आणि पांढऱ्या धुराच्या रूपानं धूळ पकडणाऱ्या यंत्रणेत येऊन बसतं, ती धूळ निराळा प्रश्न होऊन बसते. बंद डबा तर भट्टीत स्फोट करतो, आणि त्यात जीव जातात. कचरा कमी करणं आणि कामगार सुखरूप घरी जाणं, या दोन्हींची सुरुवात भंगाराच्या त्याच ढिगापाशी होते.

दुसरी गोष्ट मिल स्केल. बिलेट पुन्हा तापवून रोलिंगला घेताना पृष्ठभागावर लोखंडाच्या ऑक्साइडचे पापुद्रे धरतात आणि गळून पडतात. त्यात सुमारे ७० टक्के लोखंडच असतं, म्हणून त्याला गिऱ्हाईक असतं. पण विकता येतं म्हणून ते होऊ द्यावं, असं नाही. समजा गिरणी रोज १०० टन माल काढते आणि २ टक्के लोखंड पापुद्र्यात जातं. रोजचे २ टन झाले. भट्टीतल्या इंधनाला जरुरीपेक्षा जास्त हवा दिली की हे प्रमाण वाढतं. हवा-इंधनाचं प्रमाण नीट राखून ते दीड टक्क्यावर आणलं तर रोज अर्धा टन सळई जास्त निघते. देशात अनेक गिरण्यांनी ओतलेलं बिलेट गरम असतानाच थेट रोलिंगला घ्यायला सुरुवात केली, त्यात पुन्हा तापवणंच टळतं. तिसरी गोष्ट म्हणजे सळईची तुकडेकापणी. ती परत भट्टीत जाते, तिची काळजी कारखानदार स्वतःच घेतात.

मदत कोण करतं? पंजाबात मंडी गोविंदगढला १९८७ पासून राष्ट्रीय द्वितीयक पोलाद तंत्रज्ञान संस्था आहे. ती इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिल यांच्यासाठीच उभी केली आहे. २००४ मध्ये पोलाद मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी रोलिंग मिलमधली ऊर्जाबचत हा विषय घेऊन मोठा प्रकल्प सुरू केला होता. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठी केंद्राच्या दोन योजना आहेत. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ‘झेड’ प्रमाणपत्र योजनेचं सूत्रच ‘दोष शून्य, परिणाम शून्य’ असं आहे, म्हणजे मालात दोष नको आणि पर्यावरणावर परिणाम नको. प्रमाणपत्राच्या खर्चात तिच्यात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघूला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत जाहीर झाली, शिवाय मार्गदर्शन आणि सल्लासेवेसाठी वेगळी तरतूद आहे. मार्च २०२३ मध्ये ‘लीन’ योजना नव्या रूपात आली. तिच्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं. दोन्हींसाठी उद्यम नोंदणी लागते आणि चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करता येते.

या सगळ्याहून जवळचं एक साधन मला सांगायचं आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेतलेल्या कारखान्याला दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरण भरून द्यावं लागतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत आली. त्यात नगामागे कच्चा माल किती लागला, पाणी किती, कचरा किती निघाला, गेल्या वर्षी किती होता, तो कमी करायला काय केलं, असे रकाने आहेत. प्रामाणिकपणे भरला तर तो कागद म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेला सल्ला आहे. तो एजंटाकडून गेल्या वर्षीच्या प्रतीवरून उतरवून घेतला, तर भरूनही उपयोग नाही. तुम्हाला उन्हाळी प्रशिक्षण करायचं असेल तर एखाद्या कारखान्यात जाऊन सांगा, की या वर्षीचं विवरण मी भट्टीजवळ उभी राहून, मोजून भरून देते.

सुरतजवळ हजिऱ्याला २०२२ मध्ये पोलादाच्या स्लॅगचा रस्ता झाला, त्याबद्दल तुम्ही वाचलं असेल. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं ते चांगलं काम आहे. पण तो मोठ्या एकात्मिक कारखान्याचा, प्रक्रिया केलेला स्लॅग होता. जालन्याच्या इंडक्शन भट्टीतल्या स्लॅगची घडण वेगळी आहे, आणि प्रत्येक कारखान्याचं भंगार वेगळं असल्यानं ती रोज बदलते. आधी नमुने तपासून घ्यायचे, मंडळाची परवानगी बघायची, मगच विटा किंवा भरावाची भाषा करायची. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गचं उदाहरण इथे जास्त उपयोगी आहे. १९७२ मध्ये तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा जास्तीचा वायू शेजारच्या जिप्समच्या तक्त्यांच्या कारखान्यानं वापरायला घेतला. पुढे वीजकेंद्राची वाफ आणि जिप्सम, औषध कारखान्याचा गाळ असे एकेक धागे जुळत गेले. सरकारी आराखड्यानं ते झालं नाही. कारखानदार एकमेकांना ओळखत होते आणि कुणाकडे काय उरतं हे त्यांना माहीत होतं. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टील, बियाणं आणि इतर कारखाने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. कोण काय फेकतो याची एक यादी वसाहतीच्या संघटनेनं केली, तरी सुरुवात होईल.

प्रश्न : माझं कृषी सेवा केंद्र आहे. मुदत संपलेलं, रंग लावलेलं बियाणं उरतं. धुऊन कोंबड्यांना घालता येईल का, किंवा खतात?
— एक वाचक, भोकरदन

उत्तर : दोन्ही करू नका. तो लाल, निळा, हिरवा रंग सावधगिरीसाठीच लावलेला असतो. त्याखाली बुरशीनाशक असतं, कपाशीच्या बियाण्यावर कीटकनाशकही असतं. धुतल्यानं ते पूर्ण जात नाही, आणि धुतलेलं पाणी जिथे जाईल तिथे विष नेतं. कोंबड्या, गुरं, तेलाची घाणी, कंपोस्ट, यांतल्या कशातही ते जाता कामा नये. जाळूही नका.

बियाणं परत घेण्याच्या अटी हंगामाच्या आधीच वितरकाकडून लिहून घ्या, आणि मुदत संपायच्या पुष्कळ आधी परत पाठवा. कंपनीकडे त्याची उगवण पुन्हा तपासून घेण्याची सोय असते, आणि नापास झालेलं विषारी बियाणं धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्थाही तिच्याकडेच असायला हवी. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना केल्यापासून जालना हे बियाण्यांचं गाव म्हणून देशाला माहीत आहे. त्यामुळे तुमच्या कंपनीचा माणूस बहुधा तासाभराच्या अंतरावर बसतो. दर वाणाची किती पाकिटं मागवली, किती विकली, किती परत गेली, हे तीन आकडे यंदाच्या खरिपापासून लिहून ठेवा आणि पुढच्या मागणीच्या वेळी ते पान समोर घेऊन बसा.